आकसणारा पलंग

वगदीला झोपेत आकडी यायची. घरातल्या सगळ्यांनी ती पाहिली होती. पाहिली नव्हती फक्त वगदीने.

सकाळी उठला की जीभ चावलेली असायची, खांदे दिवसभर गोणी वाहिल्यासारखे दुखायचे आणि उशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असायची. मग समोरच्या खाटेवरून धाकटा भाऊ हिलमी फुटबॉलचा सामना सांगावा तसं सांगायला लागायचा. "सुरुवातीला नुसता ताठ. मग उजव्या पायाने रजाईला काय लाथ हाणलीस राव! एक मिनिट चाळीसला खेळ खल्लास. नंतर घोरलास ते वेगळंच." डॉक्टरांनी हिलमीला बजावलं होतं की कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवायची. आई नईमा यात स्वतःची भर घालायची. ती नाकाशी कांदा धरायची. डॉक्टरांनी दोनदा नको म्हणून सांगितलं, पण नईमाच्या मते डॉक्टर अजून लहान होते. त्यामुळे मिशीला कांद्याचा वास आला की वगदी समजायचा, रात्री आपला कार्यक्रम झाला.

गोळ्या चालू होत्या, त्यामुळे हल्ली दोन-तीन महिन्यांतून एखादी वेळ यायची, तीही जागरण झालं तर. जागेपणी कधीच नाही. दिवसा तो लाकूडकामासाठी नावाजलेल्या दुम्यात शहरातल्या सुतारआळीतला चोख कारागीर होता. एकदाच काय तो रात्री आकडीत मामाच्या घरच्या उंच पलंगावरून पडला आणि पुढचा दात गेला. घरी येऊन त्याने पहिलं काम केलं ते स्वतःच्या खाटेचे खूर कापायचं.

मग सुहैरशी त्याचं लग्न ठरलं. सुहैर त्याला इतकी आवडली की तिचं नाव काढलं तरी त्याच्या हातातला रंधा वाकडा जायचा. त्याने आईला सांगितलं, "मी तिला सगळं सांगून टाकतो."

"लग्नाआधी अवाक्षर काढलंस तर माझं मेलं तोंड बघशील," नईमा म्हणाली.

"आणि लग्नानंतर?"

"नंतर कळेलच की तिला. शेजारीच तर झोपणार आहे."

आईपुढे वगदी नेहमीच गप्प बसायचा, आणि हीच त्याची चूक होती.

सुहैरची आई हज्जा बहीजा ही एका नावाजलेल्या सुताराची विधवा. नवऱ्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं चहा पाजत आणि शिव्या देत तिने सगळी कारागिरी डोळ्यांनी शिकून घेतली होती. लाकडावर नुसती टिचकी मारून ते कुठल्या खेपेतलं आहे ते सांगायची. आमच्याकडे लग्नाआधी नवरीचं सामान उघड्या गाड्यांवरून वाजतगाजत गल्लीगल्लीतून नेतात. गच्च्यांवरून बायका एकेक खुर्ची डोळ्यांनी मोजतात आणि पुढचं वर्षभर त्यावर बोलतात. शेजारणीच्या मुलीच्या पलंगाला चढायला एक पायरी होती. हज्जाने वगदीला फर्मान सोडलं, "माझ्या पोरीच्या पलंगाला दोन पायऱ्या हव्यात. जावई सुतार असून पलंग बुटका, असं कुणी म्हणता कामा नये."

वगदीने आपल्या कारखान्यात जीव ओतून पलंग केला. डोक्याशी कोरलेली द्राक्षांची वेल, कोपऱ्यांवर लाकडी कबुतरं. गुरुवारी हज्जा बघायला आली, पलंगाला खेटून उभी राहिली. पलंग तिच्या कमरेला लागला. ती खूश होऊन सगळ्या कारखान्याला मशब्बक मिठाई वाटून गेली.

ती गेल्यावर वगदीने पलंगाच्या कडेवरून खाली वाकून बघितलं. उरलेले दात तो जिभेने मोजायला लागला. मग करवत घेतली आणि चारही खुरांतून दोन-दोन बोटं उडवली. एवढ्याने कुणाला काय कळतंय?

पुढच्या गुरुवारी हज्जा पुन्हा खेटून उभी राहिली आणि विचारात पडली. "मी उंच झाले की काय?" तिने घरी जाऊन दाराच्या चौकटीशी स्वतःला मापून घेतलं. मग नव्या चपलांवर खापर फोडून त्या सुनेला देऊन टाकल्या.

वगदीला जोर चढला. त्याने आणखी चार बोटं उडवली.

तिसऱ्या गुरुवारी हज्जा जुन्या चपला घालून आली. पलंग मांडीला लागला. "वगदी, हा इथपर्यंत होता. आता इथे आलाय. का रे?"

वगदीच्या तोंडून निघून गेलं, "हवा कोरडी आहे ना हज्जा. लाकूड आकसलं."

कारखान्यातल्या सगळ्या करवती थांबल्या. एक म्हातारा कारागीर हातातला सरस तसाच ठेवून मागच्या दाराने बाहेर पडला. कारण लाकूड आकसतं ते आडवं. उभं आकसत नाही. दुम्यातमध्ये हे पाळण्यातलं पोरही सांगेल.

हज्जा एकही शिवी न देता निघून गेली. त्यामुळेच वगदीची पाचावर धारण बसली.

संध्याकाळी ती सुहैरला घेऊन वगदीच्या घरी आली आणि चहाला हात न लावता उभीच राहिली. "माझ्या पोरीच्या पलंगाचं लाकूड कुठे जातंय? दुसरं घर मांडलंयस का कुठे? तिथे स्टूल करतोयस का त्याचं?"

"हज्जा, अहो, पोराला नजर लागलीय..." नईमाने सुरुवात केली.

"तू गप गं नईमा. त्याला बोलू दे."

वगदीने आईकडे बघितलं, मग सुहैरकडे. लग्न मोडणार हे त्याला दिसत होतं, पण तिच्यासमोर लाकडाचं आणखी एक खोटं त्याला बोलवेना. "मला झोपेत आकडी येते," तो म्हणाला. "मी पडतो. म्हणून कापले."

नईमाने कपाळाला हात लावला. हिलमीला वाटलं आपण मदत करावी. "एक मिनिट चाळीस सेकंद," तो म्हणाला. "फार तर दोन. मी अकरा वर्षं मोजतोय."

सुहैरने वगदीला विचारलं, "दुखतं का रे तेव्हा?"

"काय माहीत. मी नसतो तिथे."

सुहैरला हसू आलं आणि रडूही आलं. तिने डोळे ओढणीने पुसले आणि आईकडे वळून बघितलं. हज्जा लालबुंद झाली होती.

"आजार अल्लाने दिला, त्यात तुझा काय दोष?" ती वगदीवर कडाडली. "माझ्या सख्ख्या मामाला यायची. जेवणात यायची, मशिदीत यायची. चार पोरं झाली त्याला, चारही आगाऊ. पण लाकूड उभं आकसतं, हे तू मला सांगितलंस? मला?"

"चुकलो हज्जा."

"सगळ्या कामगारांदेखत!"

"चुकलो. पण आता लग्न...?"

"तिला विचार. मी फक्त पलंगाचं बोलतेय."

सुहैरने हिलमीपुढे हात पसरला. "ते घड्याळ इकडे दे. आणि कुशीवर कसं वळवायचं ते दाखव."

हिलमीने तिथेच सतरंजीवर भावाला आडवं पाडून दाखवलं. नईमा कांदा घेऊन आली, तो सुहैरने हळूच काढून घेतला आणि म्हणाली, "आई, हा आपण कोशिंबिरीत घालू." वगदी कुशीवर पडल्या पडल्या रडत होता. सगळ्यांना वाटलं कांद्यानेच.

तोडगा हज्जानेच काढला. खूर दोन तुकड्यांचे, मध्ये आटे. सामानाच्या वरातीत पलंग पुन्हा कमरेएवढा उंच निघाला, दोन पायऱ्यांसकट, आणि शेजारीण गच्चीवर नखं चावत उभी राहिली. नवरा-नवरीच्या नव्या घरी पोचल्यावर हज्जाने स्वतः खालचे तुकडे पिळून काढले आणि पिशवीत घालून आपल्या घरी नेले. जावयाच्या हाती लाकूड ठेवायची तिची तयारी नव्हती.

लग्नाच्या गडबडीत वगदीला तीन रात्री धड झोप मिळाली नाही. व्हायचं तेच झालं.

सकाळी तो जागा झाला तेव्हा खांदे दुखत होते आणि जीभ सुजली होती. मिशीला मात्र कसलाच वास नव्हता. तो गालिच्यावर कुशीवर पडला होता, डोक्याखाली उशी, अंगावर रजाई. शेजारी, गालिच्यावरच, सुहैर घड्याळ मुठीत धरून त्याच्याकडे बघत होती.

"पडलो?"

"वीतभर. दुखापत काही नाही. एक मिनिट पन्नास."

तो घुटमळला. मग हिलमीला विचारायचा तसंच त्याने विचारलं, "कसा दिसत होतो?"

"भयंकर," सुहैर म्हणाली. "मी खूप घाबरले. रडत रडतच मोजलं."

अकरा वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला एकदम हलकं वाटलं. "मग वर का नाही झोपलीस? एवढा पलंग केलाय."

"तू खाली होतास ना."

तेवढ्यात दाराची किल्ली फिरली. किल्ली अर्थातच हज्जाकडे होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची न्याहारी, म्हणजे भात भरून शिजवलेली कबुतरं आणि तुपातली फतीर रोटी, परातीत घालून डोक्यावर घेऊन ती "सुहैर! ए सुहैर!" करत आत आली, आणि खोलीच्या दारातच थबकली. द्राक्षांची वेल, चार कबुतरं, रेशमी चादर, आणि पलंगावर कुणीच नाही.

"सहा महिने!" ती किंचाळली. "सहा महिने मी या पलंगासाठी भांडले, आणि तुम्ही जमिनीवर?"

मग तिला मुलीच्या हातातलं घड्याळ दिसलं. परात तिने पलंगावर ठेवली, गुडघे धरत खाली बसली आणि वगदीच्या कपाळावर हात ठेवला. तो तसाच ठेवून दुसऱ्या हाताने तिने जमिनीपासून गादीपर्यंत बोटं लावून मोजलं. पुन्हा एकदा मोजलं.

"अजून चार बोटं उंचच आहे मेला," ती म्हणाली. "खाऊन घे आणि करवत आण."