नव्या मशीनमधली कवळी

नव्या वॉशिंग मशीनमधून दात निघाले, तेव्हा आई अगदी शांत होती. म्हणाली, "बघ रे, घरात कुणाचे कमी आहेत का."

घरात आम्ही तिघं. मी, आई आणि आईचे वडील. मी आरशात पाहिलं, माझे होते. आईने तिचे रागाने आवळून धरले होते, म्हणजे तेही जागेवर. राहिले आजोबा. आजोबा अंथरुणाला खिळलेत. त्यांच्या शरीरातल्या बहुतेक खात्यांनी राजीनामे दिलेत; दात मात्र अजून नोकरीवर आहेत आणि ओव्हरटाइमही करतात.

मशीन आणलं होतं आजोबांच्या चादरींसाठी. त्या चादरींचं वर्णन मी करणार नाही, जेवून वाचणारे असतील. आई शिवणकाम करते आणि घर तिच्या उजव्या मनगटावर चालतं. डॉक्टर म्हणाले होते, चादरी पिळणं बंद करा, नाहीतर शिवण तरी बंद करा. मी पिळतो म्हणालो. पण मी पिळलेली चादर दोरीवर घातली की खालच्या मजल्यावरचे लोक छत्री शोधतात. तेव्हा मशीन.

मशीनने पहिल्याच दिवशी पाणी घेतलं, चादरी घुसळल्या आणि पाणी सोडायचं साफ नाकारलं. काचेआड सगळा ऐवज गरगरत राहिला. शेवटी मी खालचं फिल्टरचं झाकण उघडलं. त्यानंतर जे काही माझ्या पायांवरून वाहत स्वयंपाकघरापर्यंत गेलं, त्याच्या शेवटी, बुळबुळीत केसांच्या गुंत्यात गुंडाळलेली, खालची कवळी आली. गुलाबी हिरड्या, कडेला तारेचा आकडा. केस तांबडे रंगवलेले. आमच्याकडे एवढे केसच कुणाला नाहीत.

"म्हणजे हे कुणीतरी वापरलेलं आहे," आई म्हणाली. "आपल्याला नवं म्हणून दिलं."

दुकानदाराला आम्ही हसरा म्हणतो. माणूस रागावला तरी हसतो, खोटं बोलला तर जास्त हसतो. आईसोबत जाऊन मी कवळी दाखवली तेव्हा त्याचा अख्खा जबडा दिसला.

"काकू, घरात म्हातारं माणूस आहे का?"

"आहेत. माझे वडील."

"मग झालं तर! खिशात राहिली असेल."

"त्यांचे स्वतःचे दात आहेत."

"सगळेच असं म्हणतात हो. कंपनीचा माणूस पाठवतो, तो बघेल."

कंपनीचा माणूस आला. मशीनकडे त्याने ओझरतं पाहिलं, पंप जळलाय म्हणाला आणि सरळ आजोबांच्या खोलीत गेला. "आजोबा, आ करा." आजोबांनी केला. हा दात हलवून बघायला गेला. आजोबांना गेल्या कित्येक महिन्यांत इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. बोट सोडवायला आईला त्यांचं नाक दाबावं लागलं.

"पटले ना, खरे आहेत?" मी विचारलं.

त्याने बोटाला रुमाल गुंडाळला आणि डाव्या हाताने अहवाल लिहिला: फिल्टरमध्ये परकी वस्तू. घरात वृद्ध व्यक्ती आढळली. ग्राहकाचा निष्काळजीपणा. गॅरंटी लागू नाही.

आढळली! जणू पाल.

मी ग्राहक तक्रार केंद्राला फोन लावला. तिथल्या बाई हुशार होत्या, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. म्हणाल्या, वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणं हा गुन्हाच समजा. जबाबदारी विकणाऱ्याची, त्याला कंपनीकडे बोट दाखवता येत नाही. बदलून तरी दिली पाहिजे, नाहीतर पैसे परत. "पण आधी कुणीतरी वापरली होती हे दाखवावं लागेल. ती कवळी जपून ठेवा. आणि हो, धुऊ नका. पुरावा आहे."

तर पुरावा मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत, केसांसकट, चहा-साखरेच्या फळीवर राहायला आला. फ्रिजमध्ये ठेवू का, असं मी विचारलं तेव्हा आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी पुन्हा पाहू इच्छित नाही. बरणीच्या काचेला आतून घाम यायचा. दात त्या धुक्यातून माझ्या चहाकडे बघायचे. मी चहा सोडला. आई पुन्हा हाताने चादरी पिळू लागली, मनगट सुजलं, आणि गिऱ्हाइकांचे कपडे बिनबाह्यांचे पडून राहिले.

एकदा पिळता पिळताच ती थांबली. "ज्याचे दात हरवलेत तो शोधत असेल ना रे?"

तिने जाहिरात लिहिली आणि मी ती दुकानासमोरच्या खांबाला चिकटवली: दात सापडले आहेत. खालचे. ओळख पटवून न्यावेत. खाली आमचा नंबर.

पहिला फोन एका कवीचा आला, त्याला ही ओळ आवडली होती. दुसऱ्याने विचारलं, वरचे मिळतील का. तिसऱ्याचं बोलणं मला नीट कळेना. सगळे शब्द गालातल्या गालात विरघळत होते. आपला माणूस हाच.

तो निघाला क्लॅरिनेट वाजवणारा. हनुवटी नाकाला भेटायला निघालेली, केस तांबडे रंगवलेले. कवळी नसल्याने बँडवाल्यांनी त्याला घरी बसवला होता. त्याने सांगितलं ते असं: याच हसऱ्याकडून त्याने मशीन घेतलं. पाणी सुटेना, म्हणून परत केलं. हसरा म्हणाला, कंपनीला पाठवतो. कवळी शर्टाच्या खिशातून आत गेली असेल हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. तो शेजाऱ्याच्या कुत्र्यावर संशय धरून होता.

आई, मी आणि क्लॅरिनेटवाला असे तिघं दुकानात गेलो. दुकान भरलेलं होतं. हसरा लांबूनच हसला.

"या गृहस्थांना मी जन्मात पाहिलं नाही," तो म्हणाला.

"कवळी यांची आहे," आई म्हणाली.

"काकू, कवळी काय, कुणालाही बसते!"

आईने बरणी काउंटरवर ठेवली आणि झाकण फिरवलं. वास आला. जवळ मिक्सर बघणाऱ्या बाई पदर नाकाला लावून पंख्यांकडे सरकल्या. मी क्लॅरिनेटवाल्याला म्हणणार होतो, काका, निदान धुऊन... पण माणूस फार दिवसांचा उपाशी होता. त्याने दोन बोटांनी केस बाजूला केले आणि कवळी तशीच तोंडात सारली. टक् आवाज झाला. चेहरा एकदम भरला. गालांना कोपरे आले.

"आता ओळखलंस का रे, चोरा?" तो म्हणाला. एकेक अक्षर स्वच्छ.

मी रिकाम्या बरणीचं झाकण घट्ट लावलं.

हसऱ्याने आईला बाजूला घेतलं. "काकू, गर्दीत कशाला? नवं देतो. वर इस्त्री माझ्याकडून. फक्त हे आपल्यात राहू द्या." मागे भिंतीशी खोके रचलेले होते. सगळ्यांना सारखीच चकचकीत चिकटपट्टी.

"यातलं नवं कुठलं?" आईने मोठ्याने विचारलं.

"सगळीच नवी."

"मग उघडा. फिल्टर काढा, आणि हात घाला."

"मी?"

"नवंच आहे ना?"

सगळे बघत होते. हसऱ्याने अंगठी काढून खिशात ठेवली, बाही वर केली, मान दुसरीकडे फिरवली आणि पहिल्या मशीनमध्ये हात घातला. हात काळ्या चिकट मऊशार गोळ्यासह बाहेर आला. त्यात एक केसांची पिन आणि कुणाच्या तरी जखमेवरची पट्टी होती. तो हसत होता, पण डोळ्यांत पाणी होतं.

"कारखान्यात टेस्टिंग करतात," तो म्हणाला.

"पुढचं," आई म्हणाली.

पुढच्यातून पायमोज्याचं टोक निघालं. मिक्सरवाल्या बाई पंख्यांकडून दाराकडे गेल्या, त्यांच्यामागे आणखी चार जण. तिसऱ्यातून हात कोरडा बाहेर आला. आईने खात्री म्हणून मलाही घालायला लावला. प्लास्टिकचा वास होता, माणसाचा नव्हता.

"हे घरी पाठवा. आणि त्या दोन्हींवर माझ्यासमोर लिहा, वापरलेलं आहे म्हणून. ठळक."

त्याने लिहिलं. मग तोच हात आईपुढे केला. "मिटलं ना, काकू?"

"आधी हात धुवा," आई म्हणाली.

"धुवायचं कशाला? सगळं नवं तर आहे," तो म्हणाला, आणि खरोखर हसला. मला त्या गोळ्यापेक्षा त्या हसण्याची जास्त किळस आली. आईने हात पदराखाली घेतला.

संध्याकाळी मशीन लावलं. पाणी आलं, चादरी घुसळल्या, मग आत काहीतरी घरघरलं आणि थांबलं. आई मोरीपाशी उकिडवी बसली, सुजलेलं मनगट मांडीवर, नजर नळीच्या तोंडावर. मी श्वास धरला. थोडा वासासाठीही.

नळी दचकली. घाण पाणी भसाभसा मोरीत पडू लागलं.

"जातंय," आई म्हणाली, आणि सगळं जाईपर्यंत तिथून उठली नाही.