कवायतीच्या बाईंचा मुखवटा

मित्रांनो, दचकू नका. खुंटीला लटकलेला हा पांढरा, भोकाभोकांचा चेहरा म्हणजे मीच. मी एक जुना मुखवटा आहे; नाटकातला नव्हे, दवाखान्यातला.

जन्मलो तेव्हा मला नाक नव्हते की हनुवटी नव्हती. प्लॅस्टिकच्या जाळीचा नुसता सपाट तुकडा होतो मी. एके सकाळी तिथल्या तंत्रज्ञ ताईने मला गरम पाण्यात बुडवले. मी पार ढिला पडलो. तिने मला तसाच उचलून एका बाईंच्या चेहऱ्यावर ताणून बसवले आणि माझ्या कडा टेबलाला अडकवल्या. गार होत होत मी कडक झालो, तो त्यांच्याच चेहऱ्याचा होऊन.

बाई शाळेत कवायत शिकवायच्या. त्यांच्या एका ‘सावधान’ला अख्खे मैदान चिडीचूप व्हायचे म्हणे. त्यांच्या फुफ्फुसातला कॅन्सर मेंदूत पोहोचला होता. तीन गाठी, मटारच्या दाण्याएवढ्या. डोके न उघडता बाहेरून बारीक किरण सोडून त्या मारायच्या, असे ठरले होते. चिरणे नाही, टाके नाहीत. पण एक गाठ मेंदूतल्या बोलण्याच्या जागेला अगदी चिकटून होती. नेम जरा जरी ढळला तर बाईंची वाचा जाण्याची भीती होती. म्हणून त्यांचे डोके जागच्या जागी धरून ठेवायचे, एवढेच माझे काम. एवढेच म्हणतो खरा, पण मला धडकी भरली होती.

माझा साचा घेण्याआधी ताईने विचारले होते, “चष्मा, कवळी, कानातलं यंत्र, काही आहे का?”

“छे! सगळं माझं मूळचंच आहे,” बाई ठसक्यात म्हणाल्या होत्या.

उपचाराच्या दिवशी मी त्यांच्या चेहऱ्यावर बसलो आणि हबकलोच. वरचा ओठ आत गेला होता. हनुवटी वर सरकली होती. जिथे मी आवळून धरायचे, तिथे पोकळी! मला तोंड आहे, मित्रांनो, पण आवाज नाही. किती तळमळलो म्हणून सांगू!

ताईने यंत्रावर फोटो काढून पाहिला. “जुळत नाहीये,” ती म्हणाली. मला काढून पुन्हा लावले. पुन्हा तेच. मग डॉक्टरीणबाई आल्या.

“अशा स्थितीत किरण सोडायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “नवा मुखवटा करू, सगळी आखणी नव्याने करू. पण तेवढे दिवस गाठी थांबतील का, याचीच मला काळजी आहे.”

जाळीखाली बाईंच्या कपाळाला घाम फुटला. तो मला लागला.

ताईने बाईंच्या यजमानांना आत बोलावले. “काका, मुखवटा केला त्या दिवसापासून काकूंचं काही बदललंय का?”

काकांच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. त्यांनी पुरचुंडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझ्या भोकांतून बाईंचे डोळे त्यांच्यावर रोखलेले होते.

“मला शपथ घातलीय हो,” ते पुटपुटले.

यंत्र नुसते घुमत होते. मग माझ्याखाली बाईंचा जबडा हलला.

“द्या हो. दात द्या त्यांना.”

पुरचुंडीत वरची कवळी होती! मैदानावरची पोरे हसतील म्हणून बाईंनी ती वर्षानुवर्षे लपवली होती. माझा साचा घेतला तेव्हा ती तोंडात होती. आज मात्र, ऑपरेशनला जाताना दात काढून ठेवायचे असतात असे कुणाकडून ऐकून, त्यांनी कपडे बदलताना ती गुपचूप काढून काकांच्या हवाली केली होती.

“आधी नाही का सांगायचं, काकू?”

“दात काढून बसलेय, तोंड कशी उघडणार?”

कवळी बसली, आणि मी चपखल बसलो. फोटो जुळला. सगळे बाहेर गेले, जाड दार लागले. यंत्र बाईंच्या डोक्याभोवती फिरू लागले. त्या अजिबात हलल्या नाहीत. मीही जिवाच्या आकांताने धरून ठेवले.

काम संपल्यावर दवाखान्याने मला त्यांच्याबरोबर घरी पाठवले. सुरुवातीला माझे कोण कौतुक! पुढे नातवंडांनी मला हेल्मेट केले, काकांनी माझ्यात कांदे ठेवले. आता मी धूळ खात लटकतो. त्याचे मला वाईट वाटते, पण फार नाही.

कारण खरी काळजी वेगळीच आहे. दर काही महिन्यांनी बाई तपासणीला जातात, आणि त्या परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. आजही त्या गेल्या आहेत. मित्रांनो, एकच मागणे आहे. तुमची काळजी घेणारा माणूस काही विचारील, तेव्हा लाजून लपवू नका. आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना ओरडून सांगता येत नाही.

दार वाजले. बाई आल्या, तडक माझ्यापुढे उभ्या राहिल्या. नातवंडे बघत असताना त्यांनी कवळी काढून हातात घेतली आणि बोळक्या तोंडाने खदखदून हसल्या. “नवी गाठ नाही,” म्हणत काकांनी डोळे पुसले.

मग माझ्याकडे पाहत, मैदानभर घुमेल अशा आवाजात बाई म्हणाल्या, “विश्राम!”