लग्नापुरती चकाकी

डाव्या हेडलाइटच्या कडेला, फटीत, कुंकवाची एक बारीक रेघ अडकून राहिली होती — निकिताने ओला पॉलिश पेपर फिरवला तेव्हा तिथून गुलाबी पाणी ओघळलं आणि तिचा हात थांबला. आईने लावलं होतं ते, तिच्या लग्नात, मांडवापुढे गाडीला ओवाळताना. हे गाडीचे डोळे, माझ्या लेकीला नीट ने, असं म्हणाली होती... आणि गाडीने नेलं की नीट! सासरी नामपूरपर्यंत साध्या खड्ड्यातसुद्धा आदळली नाही.

पेपर घासला की काच आधी जास्तच पांढरी होते, घाबरू नका, असं मोबाइलमधला माणूस हसत हसत सांगत होता. त्याचं काय जातंय हसायला. ती घासत राहिली. इथे, माहेरी, मखमलाबादच्या अंगणात, झेंडूच्या क्रेटशेजारी गाडीला पत्र्याची सावली तरी होती. नामपूरला सगळे उन्हाळे ती उघड्यावर. शेडमध्ये नवऱ्याची, राजची मोटरसायकल आणि कांद्याच्या गोण्या. उन्हाने दिवे पिवळे पडतात हो, असं ती एकदा त्याला म्हणाली, तर तो म्हणाला, “तुझ्या बापाची गाडी हाय, तूच सावली शोध तिला.” त्या घरात तिला स्वतःलाच सावली सापडत नव्हती! शेवटी फारकत झाली, भांडी परत आली, कपाट परत आलं, गाडी अण्णांच्या नावावर होती म्हणून तीही आली — आणि तिच्याच मागच्या सीटवर निकिता, मांडीवर मिक्सर घेऊन.

आता हीच गाडी वेदिकाला द्यायची. धाकटीला बघायला आलेली येवल्याची मंडळी म्हणाली, “आम्हाला काही नको, मुलगी तेवढी आपल्या गाडीतून यावी.” शब्दन् शब्द तोच, नामपूरकरही हेच म्हणाले होते. निकिताने मान वर करून वडिलांकडे पाहिलं — आता तरी यांना आठवेल... अण्णा म्हणाले, “देऊ की.” आणि पाहुणे गेल्यावर तिला, “दिवे तेवढे घासून घे. तू रिकामीच हायेस.”

रात्री तिने वेदिकाला सांगून पाहिलं होतं. वेदिका तोंड फिरवून म्हणाली, “सगळेच काय राजभाऊजींसारखे नसतात, ताई.”

फडक्यावर पॉलिश घेऊन ती चोळत गेली आणि एकदम काच निवळली, आतला बल्ब लख्ख दिसला. तिला आनंद झाला. मग त्या आनंदाचाच संताप आला.

अण्णा क्रेट उचलायला आले. “झालं ना? मग टाक पुसून.”

“वरून लॅकर मारायचाय, अण्णा. नाहीतर काही महिन्यांत परत पिवळी पडते.”

“कशाला? लग्नापुरती चमकली म्हंजे झालं. पुढचं त्यांचं ते पाहतील.”

लग्नापुरती. म्हणजे मलाही यांनी तेवढंच घासून दिलं होतं का? तिच्या हातात स्प्रेचा डबा तसाच राहिला.

तेवढ्यात वेदिका आली, हेडलाइटपुढे वाकली आणि त्यात बघून कपाळावरची टिकली नीट करू लागली. “अगं ताई, नवीच दिसतीये! माझी गाडी!”

नाही मारत लॅकर. पडू दे पिवळी. मला कळलं तसं हिलाही कळू दे, उन्हात उभं राहिल्याशिवाय कळत नाही कुणाला...

मनात हे वाक्य पुरं झालं आणि निकिता दचकली. हे राज बोलला नव्हता, अण्णाही नाही. इतके दिवस तिला वाटत होतं, असली माणसं नामपूरला राहतात.

“हो बाजूला,” ती म्हणाली. डबा हलवू लागली. आतली गोळी खडखडत राहिली, बोट बटणावर होतं. लॅकर मारला तर गाडी चांगली होऊन हिच्याबरोबर जाणार, नाही मारला तरी जाणारच. आणि वेदिका अजून काचेत बघत हसत होती, बाजूला होत नव्हती.