मॅटी डोलनचा अंदाज

"परवा नेसच्या रेसकोर्सवर जी मोठी शर्यत आहे ना, त्यातले निम्मे घोडे आत्ताच विसरून जा," मॅटी डोलन म्हणाला.

डॉक्टर वैदेही त्याचा रक्तदाब मोजत होती. तिने दंडावरचा पट्टा सोडवला आणि विचारलं, "का विसरायचे?"

"दोघांना ओली जमीन झेपत नाही. बाहेर बघ, मंगळवारपासून पडतोय. एकाचा जॉकी अजून खांदा धरून चालतो. आणि एक आहे, दिसायला राजपुत्र, पण अडथळा समोर आला की विचार करतो. घोडा अडथळ्यापुढे विचार करायला लागला की संपलं, पोरी."

"मग जिंकणार कोण?"

"किलब्रॅकन लॅड." पलीकडच्या खाटेवरच्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज खाली आणला. पलीकडचे आजोबा सकाळपासून घोरत होते. "उडीच्या तीन ढांगा आधी तो कान पुढे टाकतो. ते कान दिसले की समजायचं, त्याची उडी मोजून झाली."

वैदेही नाशिकची. जन्मात तिने घोडा जवळून पाहिला तो वरातीतला, तोही बँडने कावलेला. आयर्लंडच्या सरकारी हॉस्पिटलात आल्यापासून म्हाताऱ्यांच्या वॉर्डात तिचे दिवस जात होते, आणि तिथे टीव्हीवर दुपारभर घोडे पळायचे. तिला ते सगळे सारखेच दिसत. मॅटी आला आणि त्या पळापळीला एकाएकी अर्थ आला. जन्मभर तो किल्डेअरच्या तबेल्यात मोतद्दार होता. लग्न केलं नाही. स्वयंपाकघरात पडला म्हणून त्याला इथे आणलं, तपासणीत अर्धांगाचा हलका झटका निघाला. आता पाय चालत होते, हात चालत होते, आणि तोंड तर कधी थांबलंच नव्हतं. तिकडे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यामुळे ती त्याला मॅटी म्हणायची. पण मनातलं 'अहो' काही सुटत नव्हतं.

ती रोज राउंड संपवून त्याच्यापाशी पाच मिनिटं थांबायची. घोड्याला जमीन पसंत आहे की नाही हे कसं कळतं? उडी मारताना जॉकी काय करतो? तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं, आणि त्यालाही सांगायचं असायचं. असा योग हॉस्पिटलात क्वचित येतो.

प्रश्न एकच होता. मॅटीला घरी सोडायचं, की वृद्धाश्रमात पाठवायचं? त्याला घरी जायचं होतं. दुसरं काही मागायचाच नाही तो. पण तारीख-वार विचारण्याच्या चाचणीत तो घसरला होता. साल कुठलं, असं विचारल्यावर म्हणाला, "एक जानेवारीला शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचं वय कागदोपत्री एकदम वाढतं. माणसांचं तसं नाही, म्हणून तुम्हांला साल विचारत फिरावं लागतं." सगळे हसले. वैदेही सगळ्यांत जास्त हसली. घोडं तिथेच पेंड खात होतं, पण हसण्याच्या नादात ते कुणी पाहिलं नाही.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये, एरवी मान खाली घालून लिहीत बसणारी वैदेही त्याच्यासाठी भांडली. "जो माणूस घोड्यांची दुखणी, जॉकींची हाडं आणि आकाशातला पाऊस एका दमात जुळवून सांगतो, त्याचं डोकं ठिकाणावर नाही असं कसं म्हणायचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. नर्स केरळची, फिजिओ ब्राझीलची, चहा देणारा फिलिपिन्सचा. त्या वॉर्डात आयरिश माणसं होती ती खाटांवर. मोठे डॉक्टर आयरिश होते खरे, पण ते दोन फोनांच्या मधल्या वेळात वॉर्डातून जायचे. ते म्हणाले, "ग्रँड." तिकडचं 'ठीक आहे' ते हेच. "तुझ्या भरवशावर सोमवारी घरी सोडू."

भांडणाचं खरं कारण वैदेहीला ठाऊक होतं. तिचे वडील, उल्हासराव, आई गेल्यापासून नाशकात एकटे राहत होते आणि तिच्याकडे यायला तयार नव्हते. एकट्या म्हाताऱ्याला त्याच्या घरात राहता येतं, हे तिला कुणाच्या तरी बाबतीत खरं करून दाखवायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी लिक्सलिपच्या घरी, मुलगी स्वरांगी टीव्हीपुढे असताना, तिने हृषीकेशला, म्हणजे नवऱ्याला, किलब्रॅकन लॅडची सगळी कहाणी सांगितली. तो कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. आकड्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा.

"युअर मॅन, तो तुझा मॅटी, एवढं छातीठोक सांगतोय, तर घोडामैदान जवळच आहे," तो म्हणाला. "जाऊन बघू की. नेस काय, गाडीने पटकन होईल. स्वरांगीला पण जरा क्रॅक, तेवढीच मजा."

"पैसे लावायचे नाहीत हं."

"अगं, नुसतं बघायचं."

शनिवारी नेसला चिखल होता, वारा होता, आणि तरी माणसं देवदर्शनाला आल्यासारखी खुशीत होती. शर्यतीआधी घोडे रिंगणात फिरवतात. वैदेही कठड्याला टेकून उभी राहिली. अंगातून वाफा निघणारे, रेशमासारख्या कातडीचे ते जीव इतक्या जवळून पाहून ती हरखून गेली. प्रत्येकाचा लगाम धरून एकेक मोतद्दार चालत होता. मॅटी असाच चालत असेल, तिच्या मनात आलं.

"यातला तुझा हीरो कोणता?" हृषीकेशने विचारलं.

तिने शर्यतींच्या यादीचं रेसकार्ड उघडलं. तीन वाजताच्या मोठ्या शर्यतीत किलब्रॅकन लॅड नव्हता. तिला वाटलं, आपली शर्यत चुकली. तिने आधीच्या पाहिल्या, नंतरच्या पाहिल्या. कुठेच नव्हता. शेवटी तिने शेजारच्या कानटोपीवाल्या आजींना विचारलं.

"किलब्रॅकन लॅड?" आजींचा चेहरा उजळला. "अगं, त्याला जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. हीच शर्यत जिंकला होता, अशाच चिखलात. काय कान टाकायचा पुढे! तुला कुणी सांगितलं त्याचं?"

"एका ओळखीच्यांनी," वैदेही म्हणाली.

दुखरा खांदा, ओली जमीन न झेपणारे दोघे, विचार करणारा राजपुत्र, सगळं तेव्हाचं होतं. आजचा होता तो फक्त खिडकीबाहेरचा पाऊस. इथल्या कुठल्याही पोराला पहिल्या वाक्यात कळलं असतं. तिला कळलं नाही, कारण तिला घोड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ऐकायला गोड वाटत होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, मॅटीसाठी रडू आलं.

शर्यत सुटली. दुसऱ्याच अडथळ्याला एका घोड्याचा जॉकी खाली पडला. जॉकी उठून कपडे झटकू लागला. घोडा मात्र थांबला नाही. पाठ रिकामी, लगाम लोंबतोय, आणि तो बाकीच्यांबरोबर पळत राहिला. एकेक अडथळा त्याने नीट पार केला.

"अगं, तो बघ! कुणी सांगणारं नाही, तरी उड्या बरोबर मारतोय!" हृषीकेश ओरडला. तो घोडा सगळ्यांच्या आधी शर्यत संपते त्या खांबापाशी पोचला.

"आई, डिड ही विन?" स्वरांगीने विचारलं.

"नाही गं. वर कुणी नसलं तर धरत नाहीत."

परतताना तिने गाडीतूनच नाशिकला फोन लावला. जेवलात का, झालं. औषध घेतलंत का, झालं. मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"शनिवार. का गं, परीक्षा घेतेस की काय माझी?"

"छे, मीच विसरले होते," ती म्हणाली आणि बराच वेळ त्यांना बोलू दिलं. या वेळी तिने प्रत्येक वाक्य नीट ऐकलं.

रविवारी सुट्टी असूनही ती वॉर्डात गेली. मॅटी खाटेच्या कडेला बसला होता. दाढी केलेली, अंगात कोट, पायांत बूट. सोमवार उजाडायला अजून एक दिवस होता.

"काय झालं त्याचं?" त्याने तिला पाहताच विचारलं.

खोटं बोलायचं नाही असं तिने जिना चढताना ठरवलं होतं. "तो पळाला नाही, मॅटी."

"जमीन?"

तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"बरं केलं त्यांनी," तो म्हणाला. "चांगल्या जनावराला उगाच मोडून घेऊ नये."

ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "मॅटी, मी मोठ्या डॉक्टरांशी बोलले. उद्या तुम्हांला घरी नाही सोडता येणार. एकटं राहणं आता तुम्हांला जमणार नाही. मी आधी जमेल म्हणाले होते. माझं चुकलं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. ती नजर स्वच्छ होती, आणि ते सोसणं सगळ्यांत अवघड होतं. मग म्हणाला, "कुठे नेणार?"

"नेसजवळ एक जागा आहे. चांगली आहे म्हणतात."

"तिथून रेसकोर्स ऐकू येतं?"

"मला माहीत नाही," वैदेही म्हणाली. "विचारून सांगते."

"ग्रँड."

मग तो वाकला. ती मदतीला पुढे झाली, तेव्हा त्याने हातानेच तिला थांबवलं. एका हाताची बोटं अजून हवी तशी वळत नव्हती, तरी त्याने दोन्ही बुटांच्या नाड्या आपल्या आपण सोडल्या, बूट काढले, बाहीने त्यांवरची धूळ पुसली आणि खाटेखाली जोडीने ठेवले, पुढची टोकं दाराकडे करून.