अनंताचा नंबर वाजतो

थळच्या कोळीवाड्यात फोन उचलला जाणं हे चांगलं लक्षण समजत नाहीत. होडी परतताना खांदेरी बेटाच्या अलीकडे आली, मोबाइलला रेंज मिळाली, की होडीचा प्रमुख, तांडेल, घरी दोनदा रिंग देतो आणि कापतो. घरच्यांनी तो उचलायचा नसतो, पाट्या घेऊन किनाऱ्यावर उतरायचं असतं. उलट किनाऱ्यावरून कुणी होडीवर फोन लावला आणि तो पूर्ण वाजून आपोआप थांबला, तर माणसं जाळ्याला लागलीत, हात ओले आहेत, सगळं ठीक आहे. उचललाच, तर एक तर इंजिन बंद पडलंय, नाही तर माणूस. ही पद्धत अजून फोन कंपन्यांच्या कानावर गेलेली नाही. गेली असती तर तिच्यावरही काहीतरी आकार बसला असता.

त्यामुळे अनंता बुडाला त्याला वर्ष होत आलं तरी त्याची आई भागुबाई निर्धास्त होती.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वारा अचानक फिरला आणि अनंता होडीच्या नाळेवरून, पुढच्या निमुळत्या टोकावरून, पाण्यात गेला. खलाशी परत आले, होडी परत आली, अनंता आला नाही. फोन त्याच्या गळ्यात होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोरीला बांधलेला. चौथ्या दिवशी शोध थांबला. पाचव्या दिवशी भागुबाईने सहज म्हणून त्याचा नंबर लावला. तो वाजला. पूर्ण वाजला आणि थांबला.

"वाजतंय," ती म्हणाली, फोन कनवटीला लावला आणि बोंबील उलटायला गेली.

तेव्हापासून रोज दुपारी हाच कार्यक्रम. वाड्यात यावर पुष्कळ चर्चा झाली. पिशवी चांगल्या प्रतीची असेल, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. बॅटरीपाशी गाडी अडायची. अनंताचा धाकटा भाऊ विनेश खताच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. त्याने तिथल्या एका इंजिनिअरला विचारलं. साहेबांनी हे कसं शक्य नाही ते कागदावर आकृती काढून समजावलं, मग खात्रीसाठी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला, कानाशी धरला, शांतपणे खाली ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा दुसऱ्या टेबलावर खायला सुरुवात केली.

विनेशने स्वतः मात्र तो नंबर एकदाही लावला नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की हे कुठेतरी थांबायला हवं. सरकारच्या लेखी बेपत्ता माणूस सात वर्षांनी मरतो, पण सरकारला घाई नसते. घरात अनंताची बायको होती, कल्पिता. ती मंगळसूत्र पोलक्याच्या आत घालायची, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याने आपल्या सोयीप्रमाणे समजावं. लग्नकार्यात तिला हळद लावायला बोलवावं की नाही, यावरून बायकांचं बोलणं ती आली की बंद व्हायचं. अलिबागचे गुरुजी तयार होते. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, सुटका. पण भागुबाईच्या होकाराशिवाय पुतळा होणार कसा?

"वाजतंय त्या मानसाला आग लावता?" ती विचारायची. "तुमची अक्कल काय भरतीत व्हाऊन गेली का रं?"

यावर उत्तर मिळालं ते नवरात्रात. अनंताने वर्षभराचा रिचार्ज एकदम मारून ठेवला होता आणि तो आता संपत आला होता. भागुबाईला हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. विनेशने संधी साधली. म्हणाला, आई, आपण अलिबागला जाऊ. कंपनीच्या कराराचा फोन घेऊ. करारात नंबर दोन वर्षं बांधून देतात, कुणाच्या बापाला बंद करता येत नाही.

हे सगळं खरं होतं. फक्त एक गोष्ट त्याने सांगितली नाही. करारात नंबरासाठी नवं कार्ड मिळतं, आणि नवं कार्ड चालू झालं की जुनं कायमचं बंद पडतं. मग नंबर आईच्या कनवटीला आणि समुद्रात शांतता. महिन्याभरात ती स्वतःच पुतळ्याचं काढेल. ठेकेदाराकडे बारा वर्षं काढल्यामुळे करारात काय सांगायचं नसतं, हे विनेशला नेमकं ठाऊक होतं.

निघताना त्याने कल्पिताला तेवढं सांगितलं. ती भांडी घासत होती. "आज बंद होनार?" तिने विचारलं. तो हो म्हणाला. तिने मान हलवली आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

भावेशचं दुकान बाजारपेठेत, वरच्या बाजूला. बाहेर ऊन रखरखत होतं, आत एसी एवढा होता की भागुबाईने पदर कानाभोवती गुंडाळला. भावेश गुजराती, पण तीन पिढ्यांचा अलिबागकर. गिऱ्हाइकाला खुर्ची देण्याआधी तो नातं देत असे.

"या मासी, बसा. बोला विनेशभाय. साधा जोईए का कराराचा?"

"दोन्हीत फरक काय ता आईला सांग," विनेश म्हणाला, आणि डोळ्यांनी खूण केली. भावेशला खुणा कळत नसत. त्याला फक्त योजना कळत.

"जुओ मासी. साधा फोन म्हणजे मोकळा. पैसा टाका, घेऊन जा, मन होईल ते कार्ड घाला, मन भरलं की काढून फेका. कोणाचं बंधन नाय. कराराचा फोन म्हणजे लग्न. फोन सस्त्यात, पण दोन वरस त्याच कंपनीबरोबर. नंबर बांधलेला, कार्ड आतमध्ये बसवलेलं. मधेच सोडलं तर दंड."

"आनि मेला तर?" भागुबाईने विचारलं.

"कोण?"

"ज्याचा नंबर हाय त्यो."

भावेशने योजनेचं पत्रक उलटून पाहिलं. "त्याचं काय लिहिलेलं नाय, मासी. म्हणजे चालू राहणार."

भागुबाईचं समाधान झालेलं दिसलं. नंबर तिच्याच नावावर होता. अनंताने कार्ड घेतलं तेव्हा आईचे कागद लावले होते, स्वतःचे आणायला तो कंटाळला होता. त्यामुळे अंगठा तिचा, फोटो तिचा, सगळं सुरळीत झालं. भावेशने कार्ड बसवलेला काळा फोन डब्यातून काढून तिच्यासमोर ठेवला आणि संगणकावर टकटक करता करता, गिऱ्हाइकाला सगळं सांगायची सवय म्हणून बोलून गेला, "आता हा चालू केला की जुना कार्ड मरून जाणार, बरोबर ने?"

भागुबाईने विनेशकडे पाहिलं.

"कोन मरनार?"

"कार्ड गं आई. नुसतं कार्ड."

"म्हन्जे त्याचा वाजायचा बंद व्हनार." ती आवाज न चढवता बोलली. "तुना म्हायती व्हतं."

विनेश काउंटरच्या काचेखालची कव्हरं बघू लागला. त्यातल्या एकावर शंकर होता, एकावर क्रिकेटपटू.

"तुनाच का? घरात समद्यांना म्हायती आसंल. येकटी मीच येडी. चल उठ. मना न्हाय पायजे तुजा करार."

"अरे मासी, आता तर झाला," भावेश घाईने म्हणाला. "फक्त कंपनीचा होकाराचा कॉल बाकी…" आणि तो थांबला. कंपनीचं यंत्र नेहमीप्रमाणे चालू नंबरावर, म्हणजे जुन्या कार्डावरच, कॉल करतं. 'करार मान्य असल्यास एक दाबा' म्हणतं. फोन हरवलेला असेल तर वेगळा पर्याय निवडायचा असतो. भावेशने तो निवडला नव्हता. पडद्यावर 'ग्राहकाशी संपर्क होत आहे' असं आलं होतं आणि शेजारी एक हिरवं वर्तुळ फिरत होतं.

"सॉरी हं. फोन तर तुमच्याकडे नाय ने? उचलणार कोण? आता फेल जाईल, मग परत…"

वर्तुळ थांबलं.

'ग्राहकाने होकार दिला आहे. धन्यवाद.'

भावेशने ते मोठ्याने वाचलं, कारण तो सगळंच मोठ्याने वाचत असे. वाचून झाल्यावर त्याने पुन्हा एकदा मनात वाचलं. एसीचा आवाज एकाएकी फार मोठा वाटू लागला.

"सिस्टम," तो म्हणाला. "सिस्टमचं काय सांगता येत नाय."

"उचालला?" भागुबाई उभी राहिली होती. वर्षभरात विनेशने तिच्या चेहऱ्यावर एवढी काळजी पाहिली नव्हती. "त्यानं उचालला? काय झालं रं त्याला? उचालला कशापायी त्यानं?"

"आई, यंत्र हाय ते. चुकतं."

"वर्सभर वाजू दिला. आज उचालला. काय तरी बिघारलंय." तिने कनवटीचा जुना फोन काढला, न बघता अंगठ्याने नंबर लावला, कानाशी नेला. विनेश शेजारीच होता. आतला आवाज त्यालाही ऐकू आला. रिंग नव्हती. एक बाई गोड आवाजात सांगत होती, की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.

"कोनाशी बोलतंय?" भागुबाईने विचारलं.

"कंपनीशीच असेल अजून," विनेश म्हणाला.

"नाय नाय," भावेश म्हणाला. "कंपनीचा कॉल तर कधीच कट झाला." मग त्याला वाटलं, हे बोललो नसतो तर बरं झालं असतं.

विनेशने स्वतःचा फोन काढला. काहीतरी नेहमीचं, घरगुती करायला हवं होतं. कल्पिताला सांगावं की उशीर होईल, भात टाकू नको. त्याने लावला. तीच बाई, तोच गोड आवाज. आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.

त्याने फोन खाली धरला. आईने पुन्हा लावला. व्यस्त. त्याने पुन्हा लावला. व्यस्त. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. भावेशने उठून उगाच दुकानाचं दार ढकलून पाहिलं. ते लागलेलं होतं आणि काचेपलीकडे एक माणूस सायकलवरून कोंबड्या नेत होता, सगळं जिथल्या तिथे होतं.

मग विनेशचा फोन वाजला. कल्पिता.

"भावजी, तुमचे कॉल आले व्हते."

"कुनाशी बोलत व्हतीस?"

पलीकडे नळ गळत होता. तिने तो घट्ट पिळून बंद केला.

"रोज सकाळी लावते मी," ती म्हणाली. "सासूबाई दुपारी लावतात, तवा तो वाजतो. मी लावते तवा न्हाय वाजत. लगेच उचलतात. बोलत न्हाईत. मी बोलते, ते आयकतात." ती हे आजचा बाजार सांगावा तसं सांगत होती. "आज सांगितलं, भावजी बंद करायला गेलेत म्हनून. चालंल का, इचारलं."

"मग?"

"व्हय म्हनले. पयल्यांदाच बोलले. आवाज बसलाय जरा." ती थांबली. "तुमी उरका भावजी. मी गुरुजींना सांगून ठेवते."

आईला काय सांगायचं याचा विनेश विचार करत होता, पण सांगायची गरज पडली नाही. फोनचा आवाज मोठा होता आणि भागुबाईचे कान चांगले होते. ती हळूच खुर्चीत बसली. पदर कानावरून काढून खांद्यावर घेतला. चेहऱ्यावरची काळजी गेली होती. किनाऱ्यावर पाटी उतरवून ठेवल्यावर बायका जशा दिसतात, तशी ती दिसत होती.

"बायकोला व्हय म्हनला," ती स्वतःशीच बोलली. "मग मी कोन आडवी येनार?" आणि विनेशकडे वळून, "दाब. तूच दाब. पुतळ्याला धुवट धोतर लागंल, त्याचा लग्नातला हाय पेटीत."

काळा फोन काउंटरवर पडला होता. बाजूचं बटण दाबून धरलं की काम झालं. वर्षभर विनेशने याचीच वाट पाहिली होती. आई तयार होती, वहिनी तयार होती, गुरुजी तर केव्हाचेच तयार होते. कंपनीची हरकत नव्हती. ज्याचा प्रश्न, त्याने दोनदा होकार दिला होता, एकदा बायकोला आणि एकदा यंत्राला. विनेशने फोन हातात घेतला. एसीमुळे तो गार पडला होता, पाण्यातून काढल्यासारखा.

मधलं बोट, पहिलं बोट, अंगठा. त्याने सगळी बोटं लावून पाहिली. एकही दाबायला तयार नव्हतं.

वर्षभर तो या नंबराविषयी बोलला होता. इंजिनिअरशी, गुरुजींशी, ठेकेदाराशी, वाड्यातल्या प्रत्येकाशी. त्या नंबरावर मात्र एकदाही नाही. आई आणि वहिनी रोज एकेकदा तो लावत होत्या, निरोप घ्यायला त्यांना वर्ष मिळालं होतं. त्याने आज सकाळी घरातून निघायची वेळ तेवढी ठरवली होती.

"दुपारचा बंद ठेवतो मी दोन ते चार," भावेश हलक्या आवाजात म्हणाला. त्याला आज एक वाजताच बंद करायचं होतं.

विनेशने फोन डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्याच्याकडे सरकवला.

"साधा दे. बिनकराराचा. आणि त्या जुन्या नंबरावर रिचार्ज मार."

"कितना महिना?"

"वर्षाचा."

"पण होकार तर आला आहे, विनेशभाय. सिस्टममध्ये चढला. मी कंपनीला काय सांगू?"

"सांग, गिऱ्हाईक व्हय म्हणालं," विनेश म्हणाला. "भाऊ न्हाय म्हणाला."

भावेशने भागुबाईकडे पाहिलं, कारण अंगठा तिचा होता. तिने काही क्षण आपल्या धाकट्याला नीट न्याहाळलं, जशी आज पहिल्यांदाच त्याची तब्येत बघत होती. मग पिशवी उचलली.

"ल्हानपनापासून असाच हाय," ती भावेशला म्हणाली. "थोरल्यानं जेवायला हाक मारली, का ह्याला भूक नसायची. मार बाबा तू रिचार्ज."