डावी मिशी, उजवी मिशी

पैज लागली ती म्हशीच्या पाठीवर. म्हणजे मधे म्हैस, अलीकडं हौशीराम, पलीकडं शेजारची कोमल, आणि म्हशीच्या पाठीवर कपडे धुवायच्या साबणाची पिवळी वडी. हौशीरामानं त्या वडीनं आधी म्हैस घासली, मग स्वतःचं डोकं घासलं, आणि तीच वडी मिशीला लावणार एवढ्यात कोमल ओरडली, "भाऊ! म्हशीचा साबण मिशीला?"

"मंग काय झालं? म्हस कुटं तक्रार करतीय?"

"तुमच्या मिशीचा केस जाड हाये, कुरळा हाये, मुळातच कोरडा. त्यात ह्यो साबण. झाडू हुईल झाडू."

"केस म्हंजे केस, सूनबाई. म्हशीचा काय आन् माणसाचा काय. समद्यांना एक साबण, एक त्याल."

आता हौशीरामाची मिशी ही भाजे गावात साधीसुधी वस्तू नव्हती. मळवली स्टेशनाकडून लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याची भजीची टपरी होती. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं त्या मिशीशेजारी उभी राहून फोटो काढायची, आणि फोटो काढल्यावर लाजेकाजेस्तव भजी घ्यायची. मिशी करंजाच्या तेलात बुडवून, पिळून, शिंगासारखी उभी केलेली असायची. तेलाच्या वासानं डासही लांबून जायचे.

कोमल म्हणजे झुंबरबाईची सून. लोणावळ्यात पार्लरचा कोर्स करून आलेली. सासूच्या पडवीत एक खुर्ची, एक आरसा आणि दारावर पाटी, एवढं तिचं पार्लर. झुंबरबाईला मात्र ती पडवी शेळ्यांसाठी पाहिजे होती. पावसाळाभर शेळ्या ताडपत्रीखाली भिजतायत आणि सुनेची खुर्ची कोरडी बसलीय, हे तिला बघवत नव्हतं.

"एक त्याल कसं चाललं?" कोमलनं पदर खोचला. "ह्या आमच्या आत्या. ह्यांचा केस सरळ. सरळ केस म्हंजे एक्सप्रेस वे. त्याल सुटलं की थेट टोकाला. म्हणून दोन दिसांत चिकाट हुत्यात. त्यांनी त्याल कमी लावायचं, धुवायचं जास्ती."

"मला त्याल कमी लाव म्हन्ती!" झुंबरबाई दारातनं कडाडली. "माज्याच घरात!"

"आन् भाऊ, तुमचा कुरळा केस म्हंजे जुना खंडाळ्याचा घाट. त्यो पण रविवारचा. त्याल वरच्या वळणावरच अडाकतंय. टोकं उपाशी. त्याला धुवायचं कमी, ओलावा द्यायचा जास्ती."

नळावर हंडा भरायला आलेली रूपा म्हणाली, "आन् माजा गं?"

"तुजा लाटंवानी. मधला. जड त्याल लावलंस की लाट बसली खाली."

रूपानं लगेच डोक्यावरचा पदर घट्ट ओढला. लाट बसली तर काय घ्या.

हौशीराम एवढा हसला, की म्हैस दचकून दोन पावलं सरकली. पन्नाशी उलटली तरी ह्या माणसाला गंमत दिसली की राहवायचं नाही. "लाव पैज," तो म्हणाला. "डावी मिशी माजी, उजवी मिशी तुजी. आठवडाभर. डावीला माजा साबण, माजं त्याल. उजवीला तुजं काय असंल ती थेरं कर. येत्या रविवारी फोटूवाली मान्सं ज्या अंगाला हुबी ऱ्हातील, ती मिशी जिकली."

झुंबरबाई अनवाणीच बाहेर आली. "मी पंच. कोमल हरली तर खुर्ची भाईर, शेळ्या आत. कायमच्या. जिकली तर पडवी तिची, मी पुन्यांदा त्वांड उघडनार न्हाई."

"आन् मी हरलो तर?"

"तू हरलास तर डोक्याला बायकी टॉवेल गुंडाळायचा, गळ्यात तिच्या पार्लरची पाटी अडकवायची, आन् रविवारच्या गर्दीतनं मळवली ठेसनापातुर वरडत जायचं. केसाकेसात फरक हाय म्हनून. मिशी जशी असंल तशी. वस्तरा लावायचा न्हाई."

"मंजूर," हौशीराम म्हणाला. कोमलनं फक्त एकदा पडवीतल्या खुर्चीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून तमाशा सुरू झाला. रोज सकाळी हौशीराम त्या खुर्चीत बसायचा. डाव्या मिशीवर प्लास्टिकची पिशवी, दोरीनं कानाला बांधलेली. उजवीला कोमलनं पहिल्या दिवशी सौम्य शाम्पूनं धुतलं, वर कंडिशनर. मग ओल्यातच मोठ्या दातांची फणी. टॉवेलनं खसाखसा पुसायला गेला तर हातावर चापटी. जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यानं नुसतं टिपायचं. शेवटी जवस उकळून काढलेला बुळबुळीत रस बोटावर घेऊन केस मुठीत धरून दाबायचे.

"जवसाची चटनी कर की बाई," झुंबरबाई आतनं बोलायची. "चांगलं अन्न मिशीला घालतीस."

डावीला मात्र हौशीराम इमानदारीत पिवळी वडी घासत होता आणि वरून करंज. पण आता दोन्हीकडं पीळ द्यायचा नाही असं ठरलेलं. पीळ नसल्यावर त्या मिशीनं आपला खरा स्वभाव दाखवला. मावळातलं पावसाळी धुकं तिच्यात शिरलं आणि ती फुगली. आधी भुसासारखी, मग काथ्याच्या पायपुसणीसारखी, मग तर त्यातनं एखादं पाखरू उडेल असं वाटायला लागलं. उजवी मात्र वळणावळणाची, चकाकती, बोटानं ओढून सोडली की टुणकन जागेवर.

गावात दोन तट पडले. दुधाच्या डेअरीवर लोक डावीवाले-उजवीवाले म्हणून वेगळे बसायला लागले. हौशीरामाची बायको अनिता जेवताना गुपचूप उजव्या अंगाला बसू लागली. घरचं कुत्रं उजवीकडनं आलं तर शेपूट हलवायचं, डावीकडनं आलं तर गुरगुरायचं.

"तू कोणाच्या बाजूनं गं?" हौशीरामानं बायकोला विचारलं.

"मी तुमच्याच बाजूनं," अनिता म्हणाली. "उजव्या."

शनिवारी कोमल मिशीला रस लावता लावता हळूच म्हणाली, "भाऊ, तुमाला हसायला येतंय. पण खुर्ची गेली तर मी परत भात लावायला आन् शेण काढायला. लोणावळ्याला हप्त्यानं पैसं भरून कोर्स केलाय मी."

हौशीरामाला आत कुठंतरी टोचलं. खरंच टोचलं. हरावं, झालं, असंही क्षणभर वाटलं. पण बाहेर पडतो तोच डेअरीवरचा सखाराम ओरडला, "काय भाऊ, डावीकडं अंडी घातली का पाखरानं?" आणि टोचलेलं जागच्या जागी बुजलं. हौशीराम हरायचा? दुपारच्या गाडीनं तो लोणावळ्याला गेला. तिथं त्याचा दोस्त आदिनाथ चिक्कीच्या कारखान्यात पाक घोटायचा.

"डबाभर पाक दे. कडक हुणारा."

"कशाला?"

"मिशीला."

आदिनाथानं दुसरा प्रश्न विचारला नाही. हौशीरामाला तो लहानपणापासून ओळखत होता.

रविवारी सकाळी टपरीच्या मागं जाऊन हौशीरामानं डावी मिशी धुतली आणि कोमट पाक चोपडला. वर आकार दिला. पाक वाळला आणि काय ती मिशी! तांबूस, काचेसारखी, नुसता ऊन पडायचा अवकाश. शिंगच. टकटक वाजवली तर वाजायची.

माणसं आली. पहिला घोळका थेट डावीकडं. "काका, ही साइड भारी आहे!" दुसरा घोळकाही डावीकडं. एका बाईनं तर तिच्यावर नख वाजवून बघितलं. उजवीकडं नुसतं बाकडं. टपरीसमोर कोमल आपल्या पडवीच्या दारात उभी होती. तिनं आरसा भिंतीवरनं उतरवला आणि फडक्यात गुंडाळायला घेतला. झुंबरबाईनं टपरीपलीकडल्या ताडपत्रीखालच्या शेळ्यांची दावी सोडली, आणि नव्या घराकडं निघाल्यासारखी ती शेळ्या हाकत रस्त्यानं यायला लागली.

तेवढ्यात विसापूर किल्ल्याच्या बाजूनं धुकं उतरलं. गूळ आणि धुकं यांचं जुनं नातं. पाकाला पाझर फुटला. शिंग वाकलं. एक थेंब कॉलरवर, एक छातीवर. पुढं उभा असलेला पोरींचा घोळका व्हिडिओ काढत होता, म्हणून हौशीराम हसरं तोंड करून पुतळ्यासारखा बसून राहिला.

आणि झुंबरबाईच्या कळपातली पुढची शेळी थांबली. नाक वर केलं. मग शांतपणे बाकड्यावर पुढचे पाय ठेवून तिनं हौशीरामाची डावी मिशी चाटली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिनं चाटण्याचा नाद सोडला आणि चावायला घेतली.

"ए! ए! हाड! मावशी, शेळी वढा!"

शेळी ओढली तेव्हा तिच्या तोंडात अर्धी मिशी होती आणि चेहऱ्यावर पाहुणचार झाल्याचं समाधान. पोरी खिदळून खाली बसल्या. झुंबरबाईनं हौशीरामाच्या ओठावर बोट फिरवलं, जिभेवर टेकवलं, आणि कपाळाला आठी घातली.

"हौश्या, ही तर चिक्की हाय."

हौशीरामानं उरलेली मिशी पंजानं झाकली.

"तुजं त्याल, तुजा साबण म्हनाला हुतास. पाकाचं कुटं ठरलं हुतं? माज्या शेळीनं निकाल दिलाय आन् शेळी माजी आसली तरी मी खोटं बोलनार न्हाई." मग तिनं मान वळवली आणि जोरात हाक मारली, "कोमल! आरसा टांग परत. वाकडा टांगू नगंस."

कोमलच्या हातातलं फडकं खाली पडलं. झुंबरबाईनं शेळ्या ताडपत्रीकडं वळवल्या. वाटेत एकीच्या पाठीत धपाटाही घातला, पण तो नेमका कुणासाठी होता ते कळलं नाही.

दुपारी गर्दी ऐन भरात असताना मिरवणूक निघाली. पुढं हौशीराम. डोक्याला गुलाबी टॉवेल, गळ्यात 'कोमल ब्यूटी पार्लर'ची पाटी, ओठाच्या उजव्या अंगाला झुलती कुरळी मिशी आणि डाव्या अंगाला शेळीनं कुरतडलेला खुंट. मागं कोमल, झुंबरबाई, अनिता, रूपा आणि दोन्ही तटांची माणसं. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. काचा खाली झाल्या.

"केसाकेसात फरक हाय," हौशीराम पुटपुटला.

"जरा मोठ्यांदी," सखाराम म्हणाला. "मागच्या गाडीला कळलं न्हाई."

मळवलीच्या फलाटावर पुण्याची लोकल नुकतीच आली होती. दाराशी उभी असलेली एक बाई फुगलेले केस हातानं दाबत खाली उतरली. पाटी वाचून ती थेट हौशीरामालाच म्हणाली, "काका, माझे असेच होतात हो इथं आलं की. काय करू?"

हौशीरामानं कोमलकडं बघितलं. कोमलनं हाताची घडी घातली आणि भुवई उडवली. सुटका नव्हती.

"ताई," तो म्हणाला, "कोरड्यावर फनी फिरवता का?"

"रोज."

"नगा फिरवू. ओल्यात इचरा, मोठ्या दातानं. टावेलनं घासू नगा, टिपा. वरनं जवसाचा रस. आन् त्याल..." इथं त्यानं उजव्या मिशीवरनं बोट फिरवलं. "त्याल समद्यांना एक नसतंय."

"आणि साबण, भाऊ?" मागनं कोमलचा आवाज आला.

गाडीची माणसं खिडक्यांना चिकटली. हौशीरामानं टॉवेल सारखा केला, छाती भरून घेतली आणि सगळ्या मळवलीला ऐकू जाईल असा ओरडला, "साबण बी एक नसतोय!"