रिकामी छाती

तालमीत मल्लखांब एक, मुद्गलांच्या जोड्या तीन, हाताच्या घामाने काळी पडलेली उचलायची दगडी नाल एक, मारुती एक, आणि पत्र्याच्या डब्यात नमस्कार मोजायचे चिंचोके. डब्यात शंभर चिंचोके असावेत, असा रिवाज होता. मी पहिल्याच दिवशी मोजले. सत्त्याण्णव निघाले.

"तीन कमी आहेत," मी वस्तादांना सांगितलं.

राघो वस्ताद मारुतीला तेल लावत होते. आधीची चाळीस वर्षं त्यांनी भाईंदरच्या बाजूला मिठागरात काढली होती. "म्हंजे शंभर नमस्कार मारले म्हणून मिरवनारे समदे लबाड," ते म्हणाले. "तू काय मारशील?"

"पंचवीस. आणि तीन महिन्यांत छाती दोन इंच फुगायला हवी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वानी तागडी घेऊन बसतो तसा आलास," ते म्हणाले आणि टेंभी नाक्याच्या मागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मला जागा दाखवली.

ही १९५३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. बी. एस्सी. होऊन मला दोन वर्षं झाली होती. जमीन-मोजणीच्या सरकारी खात्यात माझी निवड झाली होती, पण वैद्यकीय तपासणीत अडली. श्वास सोडून रिकामी छाती साडेएकतीस इंच, श्वास घेऊन भरलेली पावणेतेहेतीस. फरक सव्वा इंच. नियम दोन इंचांचा. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं होतं. पुढच्या वर्षी मला पंचविसावं लागून वयाची अट संपत होती, म्हणजे ही संधी शेवटची. तोवर मी ठाण्याच्या एका शाळेत बदली शिक्षक होतो. रोज सहा तास, वर्गात साठ मुलं, त्यानंतर दोन शिकवण्या. प्रकाशाचं परावर्तन दिवसातून तीनदा समजावून सांगितलं की घरी आल्यावर पाणी मागायलाही तोंड उघडू नये असं वाटे. वडील दम्याने घरीच असत. घर माझ्या बदलीच्या नोकरीवर चालत होतं, आणि ती जूनपर्यंतच होती.

तालमीत पहाटे पाचला जावं लागे. नमस्काराच्या आधी सूर्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, मग नमस्कार, आणि शेजारच्याने एक चिंचोका सरकवायचा. आपला आकडा आपण मोजायचा नाही. बाकीचे सात-आठ जण, बहुतेक गोदीत आणि गिरणीत जाणारे, शेड दुमदुमेल इतक्या मोठ्याने नावं घेत. मी घेत नसे. दिवसभर तोंड वाजवायचं असतं, इथे तरी गप्प राहू द्या, असं मला वाटे. मी मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजत असे.

"मास्तर, देव तुझ्यावर रुसलाय काय रं?" माझे चिंचोके सरकवणारा धाकू विचारी. "मुक्यानं काय मारतोस?"

"घसा बसलाय."

"रोजच?"

रोजच बसलेला असे.

मी एक वही ठेवली होती. तारीख, नमस्कार, सकाळची नाडी, भरलेली छाती. धाकटी बहीण शुभदा पोलक्यांची मापं घ्यायच्या टेपने दर रविवारी माप घेई. पावणेतेहेतीस. तेहेतीस. सव्वातेहेतीस. आकडे चढत होते, पण थकवा उतरत नव्हता. नमस्कार पंचविसाचे साठ झाले आणि फळ्यावर लिहिताना खडू हातातून सुटू लागला. नाडी अठ्ठ्याऐंशीवरून हलली नाही. तिचा खुलासा मला देता येईना, म्हणून मी तो रकाना भरायचा आणि पुढे जायचो.

अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी टेपवर चौतीस आलं. वडिलांनी आरामखुर्चीतूनच हात वर केला. मी वही मिटणार, तोच शुभदा म्हणाली, "आणि रिकामी?"

"ती साडेएकतीस. फेब्रुवारीत मोजलीय की."

"अरे दादा, फेब्रुवारीतला सदरा तुला काखेत होतो का आता? सोड बघू श्वास."

मी श्वास सोडला. तिने टेप आवळला, वाचला, आणि पुन्हा वाचला. पावणेतेहेतीस.

साठ-साठ नमस्कारांनी पाठ आणि बगला भरल्या होत्या. दोन्ही मापं सारखीच चढली होती. रिकामी छाती मी स्थिर धरली होती. पदवी घेतलेल्या माणसाने ज्या चुकीला शून्य गुण द्यावेत, ती मी अकरा रविवार केली होती. फरक सव्वा इंचच होता, आणि तपासणी बारा दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी नमस्कार सुरूच केले नाहीत. भिंतीला टेकून बसलो आणि वस्तादांना सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"मिठाच्या गोण्या वाहनारा नवा गडी असाच मरतो बघ," ते म्हणाले. "गोनी उचलताना दम धरतो नि सोडतच नाय. अर्धा जुना वारा घेऊनच हिंडतो. नव्याला जागा कुठं? म्हनून तू दमतोस. आम्ही नावं घेतो ती देवाला ऐकू जायला नाय, मास्तर. देव बहिरा नाय."

"मग?"

"नाव संपेस्तोवर वारा संपला पायजे. हिरण्यगर्भाय घे. लांब हाय. ऊठ."

मी उठलो. पहिल्यांदा माझा आवाज "गर्भा"पाशीच तुटला. धाकूने चिंचोका सरकवला नाही. "नाय धरला," तो म्हणाला. "पुन्हा."

बारा दिवस मी साठऐवजी चोवीसच नमस्कार मारले, पण प्रत्येक नाव शेवटपर्यंत घेतलं, पोट पाठीला लागेपर्यंत. वर्गात आवाज फाटला. मुलांनी मागे नक्कल केली. तरी पाचव्या दिवशी शिकवणीहून आल्यावर मी पाणी स्वतः उठून घेतलं. शुभदाने ते पाहिलं. आठव्या दिवशी नाडी शहात्तर होती. रिकामी छाती शुभदाला मी मोजू दिली नाही.

तपासणीच्या खोलीत माझ्या आधी चौघे होते. डॉक्टरांचा टेप पितळी टोकाचा होता. त्यांनी तो छातीभोवती घेतला. "भरा." मी भरली. त्यांनी आकडा लिहिला. "सोडा."

मी डोळे मिटले आणि मोठ्याने नाव घेतलं. कारकुनाने मान वर केली. डॉक्टर टेप धरून थांबले. नाव "नमः"पाशी आलं, तरी थोडा वारा शिल्लक होता. तोही मी सोडला.

त्यांनी दुसरा आकडा लिहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

भरलेली चौतीस. रिकामी बत्तीस.